आयात झालेले स्वस्त मिटते चाकू : संग्रह आणि तुलना

भौतिक संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्याची दृष्टी सहसा दुर्मिळ वस्तूंकडे वळते. तलवार, कट्यार, पट्टा यांना संग्रहालयात जागा मिळते. शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या वा शाळकरी मुलाच्या खिशातील मिटत्या चाकूला ती क्वचितच मिळते. ऑक्सफर्ड विद्यापीठास १८८४ मध्ये आपला संग्रह देणारे पिट-रिव्हर्स यांचे मत याच्या अगदी उलट होते. विलक्षण वस्तूपेक्षा सामान्य आणि प्रातिनिधिक वस्तू अभ्यासास अधिक उपयोगी पडते, असे ते आग्रहाने सांगत. त्यांचा हा आग्रह प्रस्तुत विषयाला विशेष लागू पडतो. स्वस्त चाकू वापरला जातो, झिजतो आणि टाकून दिला जातो. म्हणूनच जो सर्वांपाशी होता तोच पन्नास वर्षांनी कोणापाशी सापडत नाही.

‘स्वस्त’ या शब्दाने येथे निकृष्ट माल अभिप्रेत नाही. मजुरी करणाऱ्यास स्वतःच्या कमाईतून घेता यावा, मोठ्या संख्येने तयार व्हावा आणि ज्यात हाताच्या कलाकुसरीचा भाग अत्यल्प असावा, असा चाकू एवढाच त्याचा अर्थ. ‘आयात’ हा शब्द मात्र जपून वापरावयास हवा. पुढे ज्या चाकूंचा विचार करावयाचा आहे त्यांतील काही मुळातच परमुलखात विकण्यासाठी घडविले गेले, आणि ज्या देशी ते पोचले तेथील लोकांनी ते आपलेच मानले.

पाते मुठीत मिटविण्याची कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सापडला असून तो इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. रोमन काळातील नमुने तर अनेक आहेत. आपल्याकडे ‘सुरी’ हा शब्द संस्कृतातून आला, तर ‘चाकू’ हा फारशीमार्गे, मूळच्या तुर्कीतून आला. फारशीत लेखणी तासण्याच्या छोट्या चाकूला कलमतराश असे स्वतंत्र नाव आहे. बोरूने लिहिणाऱ्या आपल्या कारकुनांनाही तसे पाते नित्य जवळ बाळगावे लागे. लेखन आणि खिशातला चाकू यांचे हे नाते जपानच्या संदर्भात पुन्हा भेटणार आहे.

तुलनेसाठी वर्गीकरणाचे सूत्र कोणते धरावे, हा खरा प्रश्न होय. सकृद्दर्शनी पात्याचा आकार सोयीचा वाटतो. संग्राहकही बहुधा तेच सूत्र वापरतात. परंतु स्वस्त चाकूचे पाते वापरात सतत बदलते. वीस वर्षे दगडावर घासलेले रुंद पाते अरुंद होते, टोक मागे सरकते आणि एका प्रकारचा चाकू दुसऱ्या प्रकारात मोडू लागतो. उत्पादनाचा देश हे सूत्रही फसवे आहे. का ते पुढे दिसेल. माझ्या मते, उघडलेले पाते वापरणाऱ्याच्या बोटांवर मिटू नये म्हणून कारागिराने काय योजना केली, हाच वर्गीकरणाचा पाया असावा. ही योजना झिजेने बदलत नाही आणि चाकूची किंमतही बव्हंशी तीवरच ठरते.

सर्वांत सोपी योजना म्हणजे कोणतीच योजना न करणे. जपानचा हिगोनोकामी हा याचा उत्तम नमुना. पितळी वा लोखंडी पत्रा दुमडून केलेली मूठ, पाते आणि त्यांना जोडणारा एक रिव्हेट, एवढेच याचे घटक. पात्याच्या मागील बाजूस एक लहानशी शेपटी बाहेर आलेली असते. चाकू उघडल्यावर ती मुठीच्या पाठीवर टेकते, आणि काम करणाऱ्याचा अंगठा वा तळवा तिच्यावर दाब देत असेतो पाते मिटत नाही. म्हणजे येथे खटक्याचे काम माणसाचा हात करतो. हा चाकू ह्योगो प्रांतातील मिकी गावचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिदेयोशीच्या दीर्घ वेढ्यात ते गाव उद्ध्वस्त झाले. त्याच्या पुनर्रचनेसाठी सुतार आणि लोहार तेथे जमले व हत्यारे घडविण्याचा धंदा स्थिरावला, अशी परंपरा आहे. हिगोनोकामी १८९० नंतरच्या दशकात आकारास आला. नावाचा शब्दशः अर्थ ‘हिगो प्रांताचा अधिपती’. आरंभीचे गिऱ्हाईक मुख्यतः क्यूशू बेटावरील कुमामोतोचे, म्हणजे जुन्या हिगो प्रांताचे होते, म्हणून हे भारदस्त नाव पडले असे सांगतात. १९१० मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले गेले.

पुढे हा चाकू शाळकरी मुलांच्या दप्तरात गेला. पेन्सिल तासणे, बांबूची खेळणी करणे यांसाठी तो सर्रास वापरला जाई. मग दोन गोष्टी घडल्या. पेन्सिल तासण्याची यंत्रे आली. आणि ऑक्टोबर १९६० मध्ये समाजवादी नेते असानुमा इनेजिरो यांची भर सभेत एका सतरा वर्षांच्या तरुणाने हत्या केली. हत्येचे शस्त्र हिगोनोकामी नव्हते, ती एक आखूड तलवार होती. तथापि मुलांच्या हाती पाते देऊ नये अशी मोहीम देशभर उभी राहिली आणि तिचा आघात या गरीब चाकूवर झाला. मिकीत एके काळी हे चाकू घडविणारे अनेक होते. आज ते नोंदलेले नाव वापरण्याचा अधिकार असलेली एकच कार्यशाळा उरली आहे. उद्या तीही थांबली, तर पुढील अभ्यासकास केवळ अनुकृतींवर विसंबावे लागेल. अनुकृती कमी नाहीत.

दुसरी योजना कड्याची. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात, मोरिएनच्या डोंगरखोऱ्यात, जोसेफ ओपिनेल (जन्म १८७२) याने १८९० मध्ये आपला चाकू तयार केला. १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ क्रमांकांचे आकार ठरले. पुढे १ आणि ११ हे क्रमांक वगळण्यात आले. पहिला फारच लहान होता आणि अकरावा त्याच्या शेजारच्या दोहोंहून पुरेसा भिन्न नव्हता. क्रमांक ८ चे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, क्रमांक ६ चे सातचे, क्रमांक १२ चे बाराचे. पात्यावरचा मुकुटधारी हात १९०९ पासूनचा आहे. सँ-झाँ-द-मोरिएन या गावच्या चिन्हात संत जॉनचा हात आहे, तो येथे घेतला असून मुकुट सॅव्हॉयच्या सरदार घराण्याचा सूचक आहे.

मूळच्या ओपिनेलमध्येही पाते केवळ घर्षणाने टिकत असे. मुठीच्या तोंडाशी लाकूड चिरले जाऊ नये म्हणून एक स्थिर धातूचे कडे होते. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल याने त्यावर दुसरे, फिरणारे कडे बसविले. चाकू उघडून ते फिरविले की पाते अडकते. २००० पासून मिटलेले पातेही याच कड्याने पक्के करता येते. म्हणजे मूठ, पाते, रिव्हेट आणि दोन कडी, अशा पाच घटकांत चाकू पूर्ण होतो. स्प्रिंग नाही, घासूनपुसून जुळवावयाचे बारीक भाग नाहीत. हा चाकू इतका स्वस्त का, या प्रश्नाचे उत्तर या मोजणीत आहे. अभ्यासकास मात्र याचा आणखी एक लाभ होतो. फिरते कडे नसलेला क्रमांक ८ हाती आला तर तो १९५५ पूर्वीचा असण्याचा संभव मोठा असतो. लहान क्रमांकांना हा नियम लावू नये. २ ते ५ यांना आजही ते कडे नसते.

ओपिनेलची मूठ बहुधा बीच वृक्षाच्या लाकडाची असते, आणि आपल्या हवेत हाच त्याचा दोष ठरतो. कोकणातील आषाढात लाकूड फुगते, मुठीची खाच आवळते आणि पाते नखाने ओढून निघत नाही. सॅव्हॉयमधील लोकांना हा अनुभव जुनाच आहे. मुठीचे मागचे टोक टेबलावर ठोकले की पाते किंचित बाहेर येते, आणि या ठोक्याला त्यांनी आपल्या प्रदेशाचेच नाव दिले आहे. जुन्या चाकूंच्या मुठीच्या टोकावर जो चेपलेला भाग दिसतो तो पडझडीचा नव्हे, या सवयीचा होय. तो घासून गुळगुळीत करणे म्हणजे पुरावा पुसणे.

तिसरी योजना कमानीची. मुठीच्या पाठीशी बसविलेली पोलादी पट्टी पात्याच्या बुडाशी दाब देते. पाते अडकत नाही, पण सहज मिटतही नाही. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथील बहुसंख्य खिशातले चाकू या जातीचे. यांतून एकच उदाहरण घेतो, कारण ‘आयात’ या शब्दाची गुंतागुंत त्यात स्पष्ट दिसते. फ्रान्समधील तिएर या चाकूंच्या गावी कोन्ये यांच्या कारखान्याने १९२९ मध्ये डूक-डूक नावाचा चाकू काढला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, कार्बनयुक्त पोलादाचे पाते, भक्कम कमान, आणि मुठीवर मेलानेशियातील एका मुखवटाधारी आत्म्याचे चित्र. पॅसिफिकमधील फ्रेंच वसाहतींत माल खपावा हा हेतू होता. गंमत अशी की डूक-डूक हे न्यू ब्रिटन बेटावरील तोलाई लोकांच्या गुप्त मंडळाचे दैवत. आणि ते बेट त्या वेळी फ्रान्सच्या नव्हे, ऑस्ट्रेलियाच्या शासनाखाली होते. तिएरमध्ये बसून दूरच्या गिऱ्हाइकाची कल्पना कशी केली जाई, याचा हा छोटा पण बोलका नमुना आहे. चाकूला खरी लोकप्रियता लाभली ती उत्तर आफ्रिकेत, विशेषतः अल्जीरियात. तेथील स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात (१९५४–१९६२) फ्रेंच सैनिक असे चाकू हस्तगत करून मुठीवर हातोडा मारीत व पाते आतच चिणून टाकीत, अशी कथा संग्राहकांत प्रचलित आहे. पत्र्याच्या मुठीची रचना पाहता ती असंभाव्य नाही. परंतु अशी चेपलेली मूठ, तिच्या प्राप्तिस्थळाच्या नोंदीसह, समोर येईपर्यंत तिला कथाच म्हणावे.

चौथी योजना खाचेची. येथे कमानीचा दात पात्याच्या खाचेत बसतो व मुद्दाम सोडविल्याखेरीज निघत नाही. झोलिंगनचा काळ्या पत्र्याचा, उडी मारणाऱ्या मांजराचे चित्र असलेला मर्केटर याच वर्गातला. ओकापी हा त्याहून अधिक प्रवास केलेला. झोलिंगनमध्ये १९०२ पासून तो आफ्रिकेतील जर्मन वसाहतींसाठी तयार होऊ लागला. ओकापी या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन १९०१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. व्यापाऱ्याने ताजी बातमी लगेच उचलली असे दिसते. कमानीला जोडलेली कडी ओढली की खटका सुटतो, आणि उघडताना दातांवरून कटकट असा आवाज होतो. आज हा चाकू दक्षिण आफ्रिकेत तयार होतो, म्हणजे आयात माल तेथला देशी माल झाला. स्पेनची नव्हाहा आणि आपल्याकडील रामपूरचा चाकू यांची योजनाही याच कुळातली आहे. तथापि साम्यावरून एकाचा उगम दुसऱ्यात शोधण्याची घाई करू नये. सारख्या अडचणीला सारखे उत्तर दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते.

पात्यावरील स्थाननामांविषयी एक सावधगिरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफील्डचे कारागीर जर्मन मालावरील खोट्या इंग्रजी छापांबद्दल तक्रार करीत. ब्रिटनमध्ये १८८७ चा व आपल्याकडे १८८९ चा मालचिन्हविषयक कायदा याच पार्श्वभूमीवर झाला. पुढे झोलिंगननेही १९३८ मध्ये आपल्या नावास कायद्याचे संरक्षण मिळविले. लागिओलचे याहून निराळे आहे. ते आव्हेरों विभागातील एका खेड्याचे नाव असले तरी चाकूच्या बाबतीत ते दीर्घकाळ केवळ एका घाटाचे नाव होऊन बसले. ‘लागिओल’ असे कोरलेला चाकू तिएरचा असू शकतो, तसाच चीन वा पाकिस्तानचाही. देशावरून वर्गीकरण फसते ते यामुळे.

पोलादाच्या नावांनीही नवखा अभ्यासक गोंधळतो. ओपिनेलच्या कार्बनयुक्त पात्यात सुमारे ०·९ टक्के कार्बन असतो. न गंजणाऱ्या पात्यात कार्बन त्याहून कमी, पण क्रोमियम तेराचौदा टक्के असते. पहिले पाते लवकर धारदार होते व पावसाळ्यात एका रात्रीत डागाळते, दुसरे उलट. हिगोनोकामीच्या चांगल्या पात्यांवर ‘निळा कागद’ असा उल्लेख येतो. तो पोलादाचा रंग नव्हे. गिरणीतून येणाऱ्या पोलादावरील कागदी वेष्टनाचा तो रंग होय. अशा पात्यात कठीण पोलादाचा गाभा मऊ लोखंडात बसविलेला असतो, आणि धारेलगत दिसणारी नागमोडी रेषा त्या दोहोंची सीमा असते.

आता कायद्याविषयी, कारण संग्राहकास प्रवासात त्याचा सामना करावाच लागतो, आणि वर सुचविलेल्या वर्गीकरणाची कसोटीही येथे लागते. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंत धारेचा मिटता खिशातला चाकू सार्वजनिक जागी जवळ ठेवण्यास मोकळीक आहे. १९९३ च्या एका निवाड्यात न्यायालयाने ठरविले की उघडल्यावर अडकणारा चाकू या अर्थाने ‘मिटता’ नव्हेच. परिणामी क्रमांक ६ च्या ओपिनेलचे सात सेंटिमीटरचे पाते जुन्या नमुन्यात सवलतीत बसते. फिरते कडे लागले की तोच चाकू सबळ कारणाशिवाय बाळगणे गुन्हा ठरतो. मार्सेल ओपिनेलने जे कडे गिऱ्हाइकाची बोटे वाचविण्यासाठी लावले, ते कायद्याच्या दृष्टीने शस्त्राचे लक्षण झाले. जपानमध्ये मात्र प्रश्न मुख्यतः लांबीचा आहे : काही अपवाद सोडता, सहा सेंटिमीटरहून लांब पाते सबळ कारणाविना जवळ बाळगता येत नाही. दोन देशांनी एकाच वस्तूच्या दोन निरनिराळ्या अंगांत धोका पाहिला. नोंदपत्रात पात्याची लांबी व अडकवणीची योजना ही दोन्ही स्वतंत्रपणे लिहावीत असा आग्रह मी धरतो, तो यासाठी.

राहिला प्रश्न जपणुकीचा. हाती आलेल्या चाकूस प्रथम धार लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. बंद लांबी, पात्याची लांबी, रिव्हेटपाशी पात्याची जाडी आणि मध्यावरची रुंदी मोजावी. न वापरलेला त्याच क्रमांकाचा चाकू शेजारी ठेवून झीज किती व कोणत्या बाजूस झाली ते पाहावे. उजव्या हाताने एकाच दगडावर वर्षानुवर्षे घासलेले पाते टाचेशी पोकळ होते. पोलादावरचा करडा-काळा थर राहू द्यावा. तांबडा गंज तेवढा तेलाच्या बोळ्याने पुसावा. मुठीवर कोणाची आद्याक्षरे कोरलेली असली तर त्यांचा ठसा कागदावर घ्यावा, आणि चाकू कोणाकडून, कोणत्या गावी व कोणत्या कामासाठी वापरात असताना मिळाला ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.