स्टेट ऑफ सीज: २६/११

स्टेट ऑफ सीज: २६/११ ही मुंबईवरील २००८ च्या दहशतवादी हल्ल्यावर आधारित हिंदी वेब मालिका आहे. तिचे आठ भाग मार्च २०२० मध्ये झी५ या ओटीटी मंचावर प्रदर्शित झाले. दिग्दर्शन मॅथ्यू ल्युटवायलर यांचे आहे. संरक्षणविषयक पत्रकार संदीप उन्नीथन यांचे ‘ब्लॅक टॉर्नेडो: द थ्री सीजेस ऑफ मुंबई २६/११’ हे इंग्रजी पुस्तक या मालिकेचा आधार आहे.

पार्श्वभूमी

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सागरी मार्गाने आलेल्या दहा दहशतवाद्यांनी दक्षिण मुंबईत हल्ले केले. त्यांत १६६ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. ताजमहाल पॅलेस, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउस येथील दहशतवाद्यांविरुद्ध राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाने (एनएसजी) ‘ऑपरेशन ब्लॅक टॉर्नेडो’ राबवले. ही कारवाई २९ नोव्हेंबरच्या सकाळी संपली. तीत मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदर सिंग बिष्ट यांना वीरमरण आले.

थेट प्रक्षेपण व नंतरचे वार्तांकन

कारवाई सुरू असताना वृत्तवाहिन्या तिचे थेट प्रक्षेपण करत होत्या. इमारतींच्या आत काय घडत आहे हे त्यांच्या कॅमेऱ्यांना दिसत नव्हते. बाहेरील जवानांच्या हालचाली मात्र पाकिस्तानातील सूत्रधारांनाही दिसत होत्या. अजमल कसाबच्या अपिलावरील २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर टीका केली. केबल दूरचित्रवाणी नियमांत २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास मनाई आहे. कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच प्रसारित करता येते.

उन्नीथन यांचे पुस्तक हे घटनेनंतरचे वार्तांकन आहे. थेट प्रक्षेपणात न दिसलेली इमारतींच्या आतील कारवाई त्यात क्रमवार मांडलेली आहे.

रूपांतर

मालिकेत कारवाईची कथा प्रामुख्याने एनएसजीच्या दृष्टिकोनातून येते. स्थळे व घटनाक्रम वास्तवातील असले तरी अनेक व्यक्तिरेखांची नावे बदललेली आहेत. उदाहरणार्थ, अर्जुन बिजलानी यांनी साकारलेली मेजर निखिल मणिकृष्णन ही व्यक्तिरेखा मेजर उन्नीकृष्णन यांच्यावर बेतलेली आहे. नावे बदलल्याने लेखकाला संवाद व खासगी प्रसंग रचण्याची मोकळीक मिळते. मात्र कोणता प्रसंग नोंदलेला आणि कोणता कल्पित, हे केवळ मालिका पाहून ठरवता येत नाही.

तुलना

इराक युद्धावरील ‘जनरेशन किल’ (२००८) ही एचबीओची सात भागांची मालिका या प्रकाराचे परिचित उदाहरण आहे. पत्रकार इव्हान राइट २००३ मध्ये अमेरिकी मरीन तुकडीसोबत प्रत्यक्ष आघाडीवर होते. त्यांचे लेख ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात आले, पुढे त्यांचे पुस्तक झाले आणि त्यावरून डेव्हिड सायमन व एड बर्न्स यांनी मालिका तयार केली. तीत सैनिकांची खरी नावे वापरली असून रूडी रेयेस या मरीनने स्वतःचीच भूमिका केली. राइट यांचे लेखन सहवासातून, तर उन्नीथन यांचे घटनेनंतरच्या शोधातून उभे राहिले, हा दोन्ही आधारग्रंथांतील मुख्य फरक आहे.