रानातला आवाज

वृत्तनिवेदिकेचा चेहरा कोणास दिसू नये, तिचा ठावठिकाणा कोणास कळू नये, आणि तरीही सीमेपलीकडे तिच्या शब्दाची वाट पाहिली जावी! गोव्याच्या लिबिया लोबो यांच्या वाट्यास असेच निवेदन आले. गोव्यात छापील शब्दावर पोर्तुगीज सरकारची कात्री चालत असे. म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ रोजी भारतीय हद्दीतून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. लिबियाबाई व वामन सरदेसाई कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून बातम्या देत. प्रथम आंबोलीच्या रानातून, पुढे कॅसलरॉकहून. निवेदकास स्वच्छ वाणी हवी, असे आपण म्हणतो. येथे पावसाळ्यातील जळवा सोसण्याची तयारीही हवी होती! हे व्रत सहा वर्षे चालले.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा ही दोघे विमानात बसली. ध्वनिक्षेपकावरून त्यांनी ती वार्ता आकाशातून खाली गोवेकरांस ऐकविली. इतकी वर्षे लपलेला आवाज आता उघड्यावर, थेट डोक्यावरून येत होता.

१९६४ साली ती दोघे विवाहबद्ध झाली. लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली ती २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या शंभराव्या वर्षी. फार उशिराच, नाही का?