अंदमानवरील आकाशयुद्ध

ठाण्याच्या तुरुंगाचा आणि अंदमानचा संबंध आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. साष्टी बेटाच्या पूर्वकांठीं पोर्तुगीजांनीं १७३० मध्यें बांधावयास घेतलेला आणि १७३७ मध्यें मराठ्यांनीं काबीज केलेला किल्ला म्हणजेच हा तुरुंग. काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी येथें चलानाची वाट पाहत बसत, व १९११ सालीं विनायकराव सावरकरही येथूनच अंदमानास गेले. १९२१ मध्यें त्यांना व बाबारावांना परत हिंदुस्थानांत आणलें. येथपर्यंतची कथा घरोघर ठाऊक आहे. परंतु त्यानंतर एकवीस वर्षांनीं त्याच बेटांवर आकाशांतून जें युद्ध सुरू झालें, त्याची हकीकत आमच्याकडे क्वचितच कोणी सांगतो.

नकाशा उघडून पाहिला असतां या बेटांचें महत्त्व ध्यानांत येतें. पोर्ट ब्लेअरपासून रंगून सुमारें ६८० किलोमीटर, तर कलकत्ता १३०० किलोमीटर. ८ मार्च १९४२ रोजीं रंगून पडतांच बेटें राखणें अशक्य असें ठरवून ब्रिटिशांनीं तेथील पलटण काढून घेतली, आणि २३ मार्चला जपानी सैन्य एकही लढाई न करतां उतरलें. पोर्ट ब्लेअरचें बंदर खोल व आडोशाचें; पाण्यावर उतरणारीं प्रचंड विमानें तेथें आणून जपान्यांनीं बंगालच्या उपसागरावर पाळत सुरू केली.

दहा दिवसांच्या आंत प्रत्युत्तर आलें. २ एप्रिलच्या रात्रीं जनरल ब्रेरेटन यांच्या नेतृत्वाखालीं मोजक्याच अमेरिकन बाँबफेकी विमानांनीं तेथील जहाजांवर हल्ला केला; हिंदुस्थानांतून लढणाऱ्या अमेरिकन दहाव्या वायुदलाची ही पहिलीच मोहीम. १४ व १८ एप्रिलला ब्रिटिशांचीं हडसन विमानें अगदीं पाण्यालगत उडत आलीं आणि बंदरांत नांगरून ठेवलेलीं कांहीं जपानी विमानें त्यांनीं जाळलीं. पण मे महिन्यांत ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरील अक्याबही गेलें आणि अंतर हाच मोठा शत्रु झाला. एवढ्या लांब जाऊन परत यावयाचें तर विमानांत बाँबपेक्षां पेट्रोलच अधिक भरावें लागे. नोव्हेंबर १९४३ मध्यें कैरो येथें बेटांवर सैन्य उतरविण्याची योजना चर्चेस आली होती. तथापि सैन्य उतरविण्याच्या नौका युरोपांत हव्या म्हणून डिसेंबरांत ती सोडून दिली गेली. सारांश, अंदमानची झुंज मुख्यत्वें आकाशांतूनच चालू राहिली.

युद्धाचे इतिहासकार विमानें किती पडलीं हें मोजतात. मला विचारावेंसें वाटतें तें बेटावर राहणाऱ्यांविषयीं. राजबंदी तर १९३८ पर्यंतच हिंदुस्थानांत परत आणले गेले होते. मागें राहिले ते शिक्षा भोगून तेथेंच संसार थाटलेले जुने कैदी, त्यांचीं मुलेंनातवंडें, कारकून, शिक्षक, डॉक्टर व दुकानदार. आपल्यासारखींच कुटुंबवत्सल माणसें. विमान येऊन नेमक्या जागीं बाँब टाकून गेलें, कीं जपानी अधिकाऱ्यांस वाटे, कोणीतरी खालून खूण केली असली पाहिजे. हा संशय सर्वस्वीं निराधार होता असेंही नव्हे. जानेवारी १९४३ मध्यें मॅकार्थी नांवाचे, पूर्वीं तेथेंच पोलिसांत असलेले अधिकारी पाणबुडीनें गुप्तपणें बेटांवर उतरले होते. ते जपान्यांच्या हातीं लागले नाहींत. लागले ते घरांत बसलेले लोक. त्याच वर्षाच्या आरंभापासून हेरगिरीच्या आरोपाखालीं धरपकड सुरू झाली, मारहाणीनें कबुलीजबाब घेतले गेले, आणि त्या जबाबांत आलेल्या नांवांवरून पुढची धरपकड झाली. ज्या सेल्युलर जेलच्या कोठड्या राजबंद्यांनीं गाजविल्या, त्याच पुन्हां भरल्या.

इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष डॉक्टर दिवाणसिंग हे पंजाबी कवि होते. जपान्यांशीं त्यांचें वैर नव्हतें; तरीही ऑक्टोबर १९४३ मध्यें तेही पकडले गेले. २९ डिसेंबरला सुभाषबाबू पोर्ट ब्लेअरला आले व दुसऱ्या दिवशीं जिमखाना मैदानावर त्यांनीं तिरंगा फडकविला. त्या दिवशीं दिवाणसिंग जेलमध्येंच होते. १४ जानेवारी १९४४ रोजीं छळामुळें त्यांचा अंत झाला, आणि ३० जानेवारीस हम्फ्रेगंज येथें चव्वेचाळीस जणांना हेर ठरवून गोळ्या घातल्या गेल्या.

त्यानंतर २१ जून १९४४ रोजीं ‘इलस्ट्रिअस’ या विमानवाहू जहाजावरून बाराकुडा व कॉर्सेअर विमानांनीं पोर्ट ब्लेअरवर हल्ला चढविला. त्याहून घातक ठरली ती जहाजांची कोंडी. तांदूळ बाहेरूनच यावयाचा, तो येईना. ऑगस्ट १९४५ मध्यें, युद्ध संपावयास पुरते पंधरा दिवसही उरले नसतांना, शेंकडों लोकांना नव्या बेटावर शेती करावयास नेतों असें सांगून बोटींत बसविलें, आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रांत ढकललें. फारच थोडे वांचले. ऑक्टोबरमध्यें जपान्यांनीं शरणपत्रावर सही केली, तीही जिमखाना मैदानावरच.

आमच्या कल्याणजवळ नेवाळी येथें त्याच युद्धासाठीं धावपट्टी झाली. तिच्याखालीं गेलेल्या जमिनीसाठीं शेतकरी २०१७ पर्यंत रस्त्यावर उतरत होते. पोर्ट ब्लेअरजवळ लांबा लाईनची धावपट्टी जपान्यांनीं बेटावरील माणसांना वेठीस धरून करविली. पुढें तेथेंच विमानतळ झाला व त्यास सावरकरांचें नांव दिलें गेलें. हॅवलॉकला २०१८ पासून स्वराज द्वीप आणि पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्रीविजयपुरम् म्हणतात. सेल्युलर जेल पाहावयास निघालेलीं आपल्याकडील कुटुंबें याच लांबा लाईनच्या धावपट्टीवर उतरतात.