जन्म लपविण्याची कथा : जपानी-कोरियन लोकप्रिय कथन आणि मराठी वाचक

जपान आणि कोरिया या देशांतील चित्रकथा, चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका यांच्या जागतिक लोकप्रियतेची मीमांसा बहुधा बाजारपेठ आणि तंत्रज्ञान यांच्या अंगाने केली जाते. ही कारणे खरी असली तरी ती वितरणाची कारणे आहेत. दूरच्या समाजातील कथा टीपेवाचून कळते, तेव्हा तिच्या रचनेत वाचकाच्या ओळखीचे काहीतरी आधीच असावे लागते. मराठी वाचकाच्या संदर्भात हे ओळखीचे सूत्र शोधू गेल्यास एक आशयसूत्र ठळकपणे पुढे येते. ते म्हणजे जन्माने लादलेला हीन दर्जा लपविणे. बाबूराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाच्या शीर्षकातच, १९६३ साली, त्याला नेमका शब्द दिला आहे.

ओसामु तेझुका यांची ‘बुद्ध’ ही चित्रकादंबरी १९७२ ते १९८३ या काळात जपानमध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि २००४ व २००५ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेतील आयस्नर पुरस्कार तिला मिळाला. बुद्धचरित्र म्हणून ती हाती घेणाऱ्यास पहिला धक्का बसतो तो हा की आरंभीच्या भागाचा नायक सिद्धार्थ नाहीच. तेथे चाप्रा नावाचा दासीपुत्र आहे. कोसलच्या सेनापतीचे प्राण वाचवून तो त्याचा दत्तक पुत्र होतो, योद्धा म्हणून नाव कमावतो. आणि त्याचा जन्म उघड होताच आईसह मृत्युमुखी पडतो. त्याच्या जोडीला तात्ता हा जातिबाह्य मुलगा आहे. ही दोन्ही पात्रे पाली किंवा संस्कृत परंपरेतील नाहीत. ती तेझुकांनी निर्माण केली आहेत. बुद्धाकडे वाचकाला नेण्याची वाट त्यांना वर्णव्यवस्थेतूनच काढावीशी वाटली, ही गोष्ट लक्षणीय होय.

या चित्रकादंबरीचे वाचन छत्रपती संभाजीनगरच्या छावणीलगत, नागसेनवनाच्या परिसरात झाले, तर त्याला निराळे परिमाण लाभते. १९५० साली, शहराचे नाव औरंगाबाद असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ही याच शहरातले. येथील वाचकाला चाप्राचे दुःख परदेशी वाटण्याचे कारण नाही. मात्र १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाशी परिचय असलेल्या वाचकाला एक भेद जाणवल्यावाचून राहणार नाही. बाबासाहेबांनी गृहत्यागाची रूढ कथा नाकारून शाक्य-कोलियांमधील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्याच्या मुळाशी ठेवला. म्हणजे एका सामाजिक संघर्षातून बुद्ध घडविला. तेझुकांच्या कथनात वर्णव्यवस्था आहे ती प्रामुख्याने पराक्रमी व्यक्तीच्या वाटेतील क्रूर नियती म्हणून. लोकप्रिय कथनाची शक्ती आणि मर्यादा दोन्ही येथे एकाच ठिकाणी दिसतात.

जपानला हे सूत्र बाहेरून आणावे लागले नव्हते. चामडे, कत्तल आणि प्रेतसंस्कार यांच्याशी निगडित मानल्या गेलेल्या तेथील बहिष्कृत समूहांचा हीन दर्जा १८७१ च्या फर्मानाने कायद्यापुरता संपला. शिमाझाकी तोसोन यांच्या ‘हाकाई’ (१९०६) या कादंबरीचा नायक उशिमात्सु शाळामास्तर आहे. जन्म कोणालाही सांगू नकोस, ही वडिलांची आज्ञा तो अखेरीस मोडतो. पण विद्यार्थ्यांपुढे गुडघे टेकून क्षमा मागतो आणि टेक्ससच्या वाटेला लागतो. सत्य सांगणाऱ्यानेच क्षमा का मागावी, हा आक्षेप या शेवटावर घेतला गेला आणि तो रास्त आहे. १९२२ साली या समूहांनी ‘सुइहेइशा’ ही स्वतःची संघटना क्योतो येथे उभारली. पुढे सानपेई शिराटो यांच्या ‘कामुई-देन’ (१९६४-७१) या चित्रमालिकेने बहिष्कृत जन्माचा नायक थेट लोकप्रिय साहसकथेत आणला.

कोरियातही बेकजोंग या खाटीकवर्गाची स्थिती अशीच होती. १८९४ च्या सुधारणांनी दर्जाभेद कायद्याने रद्द केले, तरी १९२३ साली जिंजू येथे त्यांना समतेची चळवळ उभारावी लागली. चळवळीचे नाव ‘ह्योंगप्योंगसा’. ह्योंगप्योंग म्हणजे तराजूचा समतोल. मांस तोलणाऱ्यांनी आपल्या धंद्याच्या साधनालाच न्यायाचे प्रतीक केले, हे विशेष. महाडचा सत्याग्रह त्यानंतर चार वर्षांनी, १९२७ साली झाला.

‘मिस्टर सनशाईन’ (२०१८) ही चोवीस भागांची मालिका जगभर पाहिली गेली. तिचा नायक गुलामाचा मुलगा आहे. तो अमेरिकेत पळून जातो आणि तेथील सैन्याचा अधिकारी होऊन परततो. त्याच मालिकेत एका खाटकाचा मुलगा जपानमध्ये वाढून तलवारबाज होतो. देशाच्या स्वातंत्र्यासाठी शस्त्र हाती घेतलेल्या उमराव घराण्यातील नायिकेला नायकाचा जन्म कळतो, तेव्हा तिला सावरता येत नाही. ती वाचवू पाहत असलेल्या देशात गुलामाला आणि खाटकाला जागा आहे काय, असा त्याचा प्रश्न आहे. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींपुढे मायभूमीविषयी जो सवाल टाकला, तो ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला या प्रसंगासाठी कोरियाचा इतिहास शिकावा लागत नाही.

या सूत्राची कथनदृष्ट्या उपयुक्तताही ध्यानात घ्यावी लागते. लपविलेला जन्म वाचकाला ठाऊक असतो, भोवतालच्या पात्रांना नसतो. त्यामुळे प्रत्येक भागाच्या अखेरीस ताण आपोआप तयार होतो. जन्मरहस्य हा कोरियन मालिकांचा रूढ संकेतच झाला आहे. मराठी वाचक त्याला ‘मृत्युंजय’मधील कर्णामुळे सरावलेला आहे, फक्त तेथे दिशा उलटी आहे : लपलेला जन्म उच्च असतो. २०२० साली ऑस्कर पुरस्कार मिळविणाऱ्या ‘पॅरासाइट’मध्ये प्रश्न वर्गाचा आहे, पण तेथेही वेश आणि भाषा बदललेल्या कुटुंबाला अंगाचा वास दगा देतो.

बागुलांच्या कथेत हाच ताण आहे, परंतु त्याची परिणती निराळी होते. उधन्याला रेल्वेत नोकरी लागलेला निवेदक खोलीसाठी जात चोरतो, सहकाऱ्यांचा आदर मिळवितो आणि जात उघड होताच मार खातो. त्याला सोडविणारा काशीनाथ जात न लपविणारा आहे. येथे पराक्रमाने भरून निघणारे काही नाही. उशिमात्सूला टेक्सस आहे, कोरियन नायकाला अमेरिका आहे. निवेदकाला दुसरा देश नाही. परतून येणाऱ्या अधिकाऱ्याचा रुबाब ही सांत्वनाची सोय आहे, आणि जगभरच्या प्रेक्षकाला ती हवीशी वाटावी यात नवल नाही. बागुल ती सोय नाकारतात.

अनुवादाचा प्रश्न येथेच उभा राहतो. बेकजोंग हा शब्द इंग्रजीत मांसविक्रेत्याचा वाचक होतो. व्यवसाय उरतो, जन्म गळून पडतो. इंग्रजी उपशीर्षकांच्या आधारे मालिका पाहणाऱ्याला त्या तलवारबाजाचा संताप थोडा अवाजवीच वाटत असावा. मराठीत ‘खाटीक’ म्हणताच धंदा आणि जात एकदमच उच्चारली जाते. ‘बुद्ध’मधील ‘शूद्र’ या शब्दाची अवस्था याहून चमत्कारिक आहे : येथून गेलेला शब्द जपानी चित्रचौकटींतून व इंग्रजी अनुवादातून फिरून आला आहे आणि मराठी अनुवादकाला तो मुळाबरहुकूम ठेवता येईल. चाप्रा जे लपवितो त्याला मात्र ‘रहस्य’ म्हणावयाचे की ‘चोरी’, हे त्याला बागुल वाचूनच ठरवावे लागेल.