शर्टाच्या बाहीवरचा इतिहास

अमेरिकी लष्कराचा 'ओजी-१०७' हा हिरवा फटीग शर्ट १९५२ ते १९८९ या काळात वापरात होता. त्याचे वय सांगते ते आतील लेबल. त्यावर 'डीएसए-१००-६७' अशी अक्षरे असल्यास कंत्राट १९६७ या आर्थिक वर्षातले. डाव्या खांद्यावर सैनिकाच्या तेव्हाच्या तुकडीचे चिन्ह, तर उजव्यावर पूर्वी जिच्याबरोबर युद्धात सेवा केली त्या तुकडीचे. व्हिएतनामच्या झाडीत छातीवरची काळी-सोनेरी पट्टी शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून साठच्या दशकाच्या मध्यापासून हिरव्यावर काळी अक्षरे आली. मात्र चिन्हे मागाहूनही शिवता येतात आणि संग्राहकाची फसगत होते ती इथेच! जुन्या चिन्हाखालचे कापड सहसा कमी विटलेले असते. तेही बाकीच्याइतकेच फिके आणि दोरा मात्र कोरा करकरीत दिसला, तर चढी किंमत मोजण्यापूर्वी थांबलेले बरे.