जबड्याची गांठ आणि गळ्यांतील ग्रंथि

श्रोतेहो, जालना जिल्ह्यांतील राजूर हें गांव राजुरेश्वर गणपतीमुळें आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. तेथील एखाद्या गृहिणीचा जबडा एका बाजूनें फुगूं लागला, तर घरचीं माणसें काय म्हणतील? "दाढ किडली असेल!" मग लवंगेचें तेल होतें, दाढही काढली जाते, गांठ मात्र तशीच राहते. क्वचित् प्रसंगीं हा दोष दांतांचा नसून गळ्यांतील ग्रंथींचा असतो, हेंच आज सांगावयाचें आहे.

गळ्यांत, अवटु ग्रंथीच्या पाठीमागें, तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार ग्रंथि असतात. त्यांस परावटु अथवा पॅराथायरॉईड म्हणतात. रक्तांतील कॅल्शियमचें प्रमाण राखणें हें त्यांचें कार्य. कॅल्शियमची तिजोरी म्हणजे आपलीं हाडें. रक्तास तें कमी पडलें कीं या ग्रंथींच्या स्रावामुळें तिजोरींतून उचल होते. परंतु एखादी ग्रंथि वाढून अनावर झाली, तर गरज नसतांही ही उचल चालूच राहते. हाड पोखरतें, त्या पोकळींत तंतुमय ऊति वाढते आणि झिरपलेल्या रक्तानें तिला तपकिरी रंग येतो. हाच 'ब्राउन ट्यूमर'. नांव भयंकर असलें तरी हा कर्करोग नव्हे.

या अस्थिरोगाचें वर्णन रेक्लिंगहाउझेन यांनीं १८९१ सालीं केलें. पुढें १९२५ सालीं व्हिएन्ना येथें फेलिक्स मांडल यांनीं रोग्याच्या गळ्यांतील वाढलेली ग्रंथि काढली आणि त्याचीं हाडें सुधारूं लागलीं. रोगाचें मूळ कोठें आहे, तें तेव्हां स्पष्ट झालें.

येथें एक मेख आहे. जबड्यांतील गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तरी दुसऱ्या एका महापेशीय गांठीहून ती वेगळी ओळखतां येत नाहीं. म्हणून रक्तांतील कॅल्शियम, फॉस्फरस व परावटु संप्रेरक मोजावें लागतें. तें न करितां नुसती गांठ कापली, तर ती पुन्हा उद्भवूं शकते. आणि दरम्यान मुतखडे होतात, हाडें ठिसूळ होऊन मोडतात. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारांतही या ग्रंथि अशाच चेकाळतात. ड जीवनसत्त्वाच्या अभावीं हाडांची हानि अधिकच वाढते. मूळ ग्रंथीवर उपचार झाले, तर जबड्याची गांठ पुष्कळदां आपोआप ओसरते.

म्हणून, श्रोतेहो, राजूर असो वा मुंबई, अशा गांठीवर शस्त्र चालण्यापूर्वीं डॉक्टरांस एवढें अवश्य विचारा: "रक्तांतील कॅल्शियम पाहिलें आहे ना?"