पहारेकऱ्याचे अकरा प्राण

तटावर एक पहारेकरी पाठमोरा उभा आहे. दबक्या पावलांनी चोर मागून येतो, तोंडावर हात दाबतो, आणि पहारेकरी आवाज न करता कोसळतो. कादंबरीत हे दोन वाक्यांत उरकते. टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांत मात्र हाच साधा प्रसंग जवळजवळ पन्नास वर्षे नियम लिहिणाऱ्यांना पुरून उरला आहे. तो का, हे मला इथे उलगडून दाखवायचे आहे.

या खेळांत चार-पाच जण एकेक पात्र चालवतात. एकजण सूत्रधार असतो. उरलेले सगळे जग, पहारेकऱ्यांसकट, त्याच्या हाती. जिथे निकाल अनिश्चित, तिथे फासा टाकायचा. या प्रकारचा पहिला छापील खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४). त्यात प्रत्येक जिवाला ठरावीक आकडा असतो. त्याला आपण 'प्राण' म्हणू. घाव बसला की प्राण घटतात, शून्यावर आले की माणूस पडतो. एका घावात पात्र मेले की खेळणारे हिरमुसत, म्हणून ही युक्ती आली. आर्नेसन यांनी ती आपल्या नौदल-युद्धाच्या खेळातून उचलली होती. जहाज अनेक गोळे खाऊन बुडते, तसा माणूस अनेक घाव खाऊन पडू लागला.

समोरासमोरच्या लढाईला हे शोभते. पाठीमागून केलेल्या वाराला शोभत नाही. १९७५च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत चोर हे पात्र आले, तेव्हा मागून केलेल्या वाराला दुप्पट इजा दिली गेली. १९७८च्या आवृत्तीत ती चोराच्या पायरीनुसार पाचपटीपर्यंत गेली. १९७९मध्ये मारेकऱ्यासाठी वेगळे कोष्टकच छापले गेले: मारणाऱ्याची पायरी, मरणाऱ्याची पायरी, आणि एका फटक्यात मृत्यूची टक्केवारी. म्हणजे प्राणांची मोजणी इथे चालत नाही, हे नियमकारांना पहिल्या पाच वर्षांतच कळले होते.

आजची अडचण किती मोठी आहे, याचा मी हिशेब मांडून पाहिला. याच खेळाच्या २०१४च्या आवृत्तीत साध्या पहारेकऱ्याला ११ प्राण आहेत. पहिल्या पायरीवरचा चपळ चोर आखूड तलवारीने बेसावध माणसावर वार करतो, तेव्हा सरासरी १० इजा होते. एक प्राण उरतो, आणि त्या एका प्राणावर पहारेकरी ओरडतो! वार लागण्याची शक्यता, लपून आल्याचा फायदा धरून, ७५ टक्के. फाशावर वीस पडल्यास दुप्पट फासे मिळतात, तेही धरले तरी एका वारात पहारेकरी पडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच. त्याआधी चाहूल न देता जवळ पोचायचे. ते सुमारे ७० टक्के. दोन्हींचा गुणाकार केला की हाती राहतात २६ टक्के. चारातून तीनदा गडावर बोंब होणार.

दुसरी मेख सूत्रधाराच्या सवयीत आहे. अंगण ओलांडताना एक फासा, जिन्यावर दुसरा, दाराशी तिसरा. प्रत्येक वेळी ७० टक्के असले तरी तिन्ही साधण्याची शक्यता ३४ टक्क्यांवर येते. खेळणारे मग चोरपावलांचा नाद सोडतात आणि सरळ दार फोडतात. दोष त्यांच्या धीराचा नाही, गणिताचा आहे. ल्यूक क्रेन यांच्या 'बर्निंग व्हील'ने यावर नेमका उपाय दिला: एकदा पडलेला फासा परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत कायम धरायचा.

प्राणांच्या अडचणीवर २००८च्या आवृत्तीने किरकोळ शत्रूंना एकच प्राण दिला. उपाय सोपा, पण मग तोच पहारेकरी उघड लढाईतही फुंकरीने पडतो. त्याआधी २०००च्या आवृत्तीत असहाय माणसाला एका घावात संपवण्याचा नियम होता. पण तो झोपलेल्याला किंवा बांधलेल्याला लागू. जागा पण बेसावध पहारेकरी त्यातून निसटला.

माझ्या मते किल्ली खुद्द गायगॅक्स यांच्याच लेखनात आहे. प्राण म्हणजे नुसते रक्तमांस नव्हे. त्यात कौशल्य, नशीब, घाव चुकवण्याची हातोटी हे सारे आले, असा खुलासा त्यांनी १९७९मध्ये केला होता. हे मान्य केले तर पुढचे ओघाने येते. ज्याला वार येतो आहे हेच ठाऊक नाही, तो कौशल्य वापरणार कसे? त्याच्यासाठी लढाई सुरूच झालेली नाही. मग लढाईचा हिशेब का लावायचा? चोराने एकच फासा टाकावा. साधला तर पहारेकरी पडला. चुकला तर तो वळला, आणि आता त्याचे अकराच्या अकरा प्राण मोजायचे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हाच न्याय उलटला तर? झोपलेल्या नायकाचा गळाही शत्रू एका फाशावर चिरेल. म्हणून सूत्रधाराने मर्यादा आधीच सांगावी: हा नियम बिननावाच्या पहारेकऱ्यांपुरता, ज्याला कथेत नाव आहे, त्याचे प्राण मोजले जातील. ही विषमता आहेच. पण ती उघड सांगितली, तर टेबलावर भांडण होत नाही.

जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क'ने (२०१७) प्रश्नच बदलला. तिथे पहारेकऱ्याला प्राणच नाहीत. फासा टाकण्यापूर्वी सूत्रधार दोन गोष्टी सांगतो: धोका किती आणि फळ किती. सहा पडला तर काम फत्ते, चार-पाच पडला तर काम होते, पण किंमत मोजून, त्याखाली संकट. दोन फासे टाकून मोठा धरला, तर निर्भेळ यश ३१ टक्के, किमतीसह यश ४४, अपयश २५. म्हणजे चारातून तीनदा पहारेकरी पडतो, मात्र बहुतेक वेळा काहीतरी मागे राहते: दगडावर वाजलेला भाला, दिसलेला चेहरा.

याच खेळातल्या डॉस्कव्होल नगरीत कोणीही मेले की स्मशानाच्या घंटा आपोआप वाजतात आणि एक कावळा प्रेताचा माग काढत उडतो. खून तिथे निःशब्द होऊच शकत नाही. त्यामुळे खेळणारे आधी विचारू लागतात, याला नुसते बेशुद्ध करता येईल का, लाच देता येईल का, की पहारा बदलण्याची वाट पाहावी? पहारेकऱ्याला मारणे सोपे करावे की अवघड, यावर मी बरेच वाद वाचले. सोपे करावे, असे माझे मत झाले आहे. मात्र त्या रात्री तो घरी परतला नाही, तर त्याला शोधत कोण येईल, हे सूत्रधाराने फासा पडण्यापूर्वी ठरवलेले असावे.